बसा म्हणायचं राहिलं

माझ्या भाचीला दार लावलेल्या खोलीत बसता येत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

भूकंपात घर पडलं तेव्हा ती दुसरीत होती. किल्लारीच्या पलीकडचं गाव. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. माझी मोठी बहीण, भावजी आणि बहिणीचे सासू-सासरे आतल्या खोलीत होते. ही उंबऱ्याशी झोपली होती. दाराची लाकडी चौकट तिरपी होऊन भिंतीला अडकली, तिच्या खाली पोकळी राहिली आणि त्या पोकळीत ही राहिली. लष्कराच्या जवानांनी दुपारी तिला बाहेर काढलं. आतल्या खोलीतलं कुणी निघालं नाही.

लातूरला आमचंही घर हललं होतं. मी मूळची नांदेडची. वडील रेल्वेच्या कचेरीत होते आणि आमचं क्वार्टर रुळांना लागून होतं. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. बहिणीला तो आवाज सहन होत नसे. ती हातातलं काम टाकून उठायची आणि गाडी जाईपर्यंत पेल्यांच्या रांगेवर आडवा हात धरून उभी राहायची. तिचं बघून मलाही ती सवय लागली. त्या पहाटे अर्धवट झोपेत मला मालगाडीच वाटली. उशाशी पाण्याचा तांब्या होता, त्यावर मी हात ठेवला. नवऱ्याने ओढत अंगणात आणलं तेव्हाही तांब्या माझ्या हातात होता. आम्हाला काही झालं नाही. भिंतीला एक तडा गेला, तो पुढच्या दिवाळीत बुजवला.

त्या भागात वर्षभर आधीपासून जमिनीतून आवाज येत होते. आदल्या दिवाळीला बहीण माहेरी आली तेव्हा हसत सांगत होती की आमच्याकडे रात्रंदिवस कुणीतरी जमिनीखाली जातं ओढतंय. सरकारी माणसं येऊन यंत्र लावून गेली, घाबरू नका म्हणाली. लोक थोडे दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून आत गेले.

मी तिथे पोचले ते जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून. पोचल्यावर जे करायचं ते केलं. मुलीला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखमा धुतल्या, तिचं नाव कुठे कुठे नोंदवायचं ते नोंदवलं, चौघांना अग्नी दिला गेला तिथे उभी राहिले. आमच्याकडे अशा वेळी बायका गळ्यात पडून हेल काढून रडतात. भेटायला येणारी आधी सुरू करते, मग घरची तिच्यात मिसळते. माझ्याही गळ्यात पुष्कळ जणी पडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी असे. बहिणीची एक चुलतसासू मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, दगड हाय ही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि पुढे पुष्कळ वर्षं ते तसंच राहिलं. त्याने काम अडत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, ते शिकवत राहिले. घरी आता एक मूल जास्त होतं, त्याचा डबा करत राहिले.

मुलगीही रडली नाही. ती जेवायची, खेळायची, अभ्यास करायची. फक्त दार उघडं लागायचं. झोपायची ती पुढच्या ओसरीत, थंडीतसुद्धा. शाळेत मी तिच्या बाईंना सांगून दाराशेजारची जागा मिळवली. कुणी दार लोटलं की ती उठून उभी राहायची. ओरडायची नाही, सांगायची नाही. नुसती उभी. आणि कुणी “काही होत नाही बाळ, बस” असं म्हटलं की हमखास बाहेर जायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या घेऊन तिला झोप येई, दार उघडंच राही.

दहा वर्षं अशी निघाली. मग ती बारावीला आली आणि लातूरची बारावी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत तोवर एकही घर असं उरलं नव्हतं की ज्याच्या दारावर ‘मुलींसाठी रूम’ अशी पाटी नाही. उस्मानाबाद, परभणी, नांदेड, पार विदर्भातून मुलं येत होती. पहाटे सायकलींची रांग लागे. डॉक्टर व्हायचं हे तिचं तिनेच ठरवलं होतं. मी सुचवलं नव्हतं आणि मोडताही घातला नाही.

ज्या क्लासला ती जायची तो तेव्हा गावातला सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक होता. सर उदगीरकडच्या व्यापारी घरातले, कपाळावर भस्माची पुसट रेघ, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्के. मेडिकलची बॅच तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये भरायची. भाची शेवटच्या बाकावर, उघड्या दारापाशी, एक पाय व्हरांड्यात ठेवून बसायची. असं अर्ध वर्ष गेलं. मग दिवाळीत सरांनी हॉलला एसी बसवला. काचा दुहेरी केल्या आणि आपोआप मिटणारं जड दार लावलं.

त्यांनी मला बोलावून घेतलं. तक्रारीचा सूर नव्हता.

“मॅडम, पोरगी हुशार हाय, माझी काय तक्रार न्हाई. पण दार उघडं ठेवून एसी कसा चालवू? बाकीचे पालक विचारतील की. आत बसत असेल तर बसू द्या. न्हाईतर खाली तळमजल्यावर बॅच हाय, तिथं दार सताड उघडं असतंय.”

खालची बॅच म्हणजे नुसतं पास होऊ इच्छिणाऱ्यांची. तिथून मेडिकलला कुणी जात नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी आठ दिवसांची मुदत मागितली. घरी आल्यावर भाचीला जसंच्या तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “बघू.” आणि निवडत राहिली.

त्याच आठवड्यात चौघं परदेशी वादक आले.

भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत शाळा बांधून देणारी एक परदेशी संस्था होती. दहा वर्षं झाली म्हणून त्यांचे लोक शाळा बघायला येणार होते आणि येताना त्यांच्या देशातले चार वादक आणणार होते. दोन व्हायोलिन, त्याहून थोडी मोठी एक व्हिओला, आणि बसून जमिनीवर टेकवून वाजवायचा भला मोठा चेलो. त्यांना अगदी शांत जागा हवी होती. एक मंगल कार्यालय दाखवलं, तर त्याच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. दुसऱ्यात पारव्यांची वस्ती. तेव्हा क्लासच्या सरांनी आपणहून हॉल देऊ केला. त्यांचा हिशेब सरळ होता. एसी हॉलचं उद्घाटन करायचंच होतं, आणि पुढारी बोलावला तर भाषणात संध्याकाळ जाते. हे लोक तेवढ्यात वाजवून मोकळे होतील. श्रोत्यांचाही प्रश्न नव्हता. दोन बॅचची मुलं हुकमी होती, आणि लातूरच्या क्लासमधल्या मुलांइतकं गप्प बसणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

सूत्रसंचालन आणि दुभाषेपण माझ्याकडे आलं, कारण इंग्रजीची बाई म्हणून गावात मला बोलावतातच. माझा नवरा कृषी खात्यात. त्याने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, भूकंपाने पडलं नाही ते फिडलने पाडू नका म्हणावं.

त्यांनी आधी एक पत्रक पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की हे चेंबर म्युझिक आहे आणि वाजवल्या जाणाऱ्या दोन्ही रचना विसाव्या शतकातल्या निओ-क्लासिकल वळणाच्या आहेत. पहिलं सोपं होतं. मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर घरातल्या खोलीत चारदोन जणांनी वाजवायचं संगीत. सरांनी ते ऐकून खोली म्हणजे आपला हॉल चालतोय की, असं समाधान करून घेतलं. दुसऱ्यावर मी अडले. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या रचनांचा घाट घ्यायचा, तेच भाग, तोच क्रम, तीच शिस्त, पण आतले सूर आजचे, थोडे कोरडे, कडेला टोकदार. मी हे स्वयंपाकघरात भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि याला मराठीत काय म्हणू असं विचारलं.

“पुनर्वसन,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती गंभीर होती.

“म्हणजे आमचं नवं गाव हाय की. त्याच गल्ल्या, त्याच आळ्या, मारुती पुढं, शाळा मागं. सगळं जुन्यासारखं मांडलंय. पण भिंती सिमेंटच्या.”

मी तो शब्द वापरला नाही, पण मनात तोच ठेवला. आणि तेव्हाच मी ठरवलं की हिला कार्यक्रमाला घेऊन जायचं. वादकांनी एसी बंद पण दारं-खिडक्या लावलेली, अशी अट घातली होती. म्हणजे नव्या हॉलचं दार पहिल्यांदा पूर्ण मिटणार होतं. अभ्यास नाही, परीक्षा नाही, फक्त बसायचं. जमलं तर सरांना मी सांगू शकत होते की ही आत बसते. नाही जमलं तर सोमवारपासून खालची बॅच. भाचीला मी हे सगळं स्पष्ट सांगितलं. लपवून काही करण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, “दाराजवळ बसू का?” मी म्हटलं, बस.

कार्यक्रम संध्याकाळी होता. हॉलमध्ये फळ्यासमोरचा लाकडी चौथरा हेच व्यासपीठ. फळा पुसलेला, तरी कोपऱ्यात बेन्झिनची एक षटकोनी आकृती राहून गेली होती. एका बाजूला सरांचं टेबल, त्यावर माझे कागद आणि काचेच्या ग्लासात पाणी. वादक चौघेही काळ्या कपड्यांत. चेलो वाजवणारी बाई पन्नाशीची, करड्या आखूड केसांची. तिने खुर्ची मागे-पुढे करून वाद्याचा लोखंडी पाय चौथऱ्याच्या फळीत रोवला. सरांनी ते बघितलं आणि नवं लाकूड आहे म्हणून तोंड थोडं वाकडं केलं.

दार मिटलं. दाराला एक भोक नव्हतं की फट नव्हती. बाहेरच्या रिक्षा, सायकलींच्या घंट्या, सगळं एकदम बंद झालं आणि कान दुखल्यासारखे झाले. भाची शेवटच्या बाकाच्या टोकाला होती. मी चौथऱ्यावरून तिला नीट बघू शकत होते. तिची पाठ ताठ होती आणि दोन्ही पाय बाकाबाहेर होते.

पहिला भाग जलद होता. शिलाई मशीनसारखा एक ठोका चालू राहायचा आणि त्यावर चौघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलायचे. मध्येच एक सूर चुकल्यासारखा लागायचा, पण परत तसाच लागला की कळायचं, तो मुद्दाम आहे. मला बरं वाटत होतं असंही नाही आणि कंटाळाही येत नव्हता. नीटनेटकं होतं. मुलं पेपर सोडवताना बसतात तशी बसली होती. काही जण सवयीने वही काढून बसले होते आणि लिहायला काहीच मिळत नसल्याने पेन हातात धरून होते. भाची बसली होती. पहिला भाग संपेपर्यंत ती बसली होती.

दुसऱ्या भागाआधी व्हायोलिनवाल्या प्रमुखाने मला खूण केली आणि दोन वाक्यं बोलला. मी त्यांचं मराठी केलं. पुढचा संथ भाग आम्ही भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ वाजवत आहोत.

मी वाक्य पुरं केलं आणि सगळा हॉल उभा राहिला.

बाक सरकल्याचा एक मोठा खरखराट झाला आणि मग शांतता. यात कुणाचं चुकलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात ही मुलं लहानपणापासून दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी भूकंपात गेलेल्यांसाठी उभी राहत आलेली. स्मरणार्थ म्हटलं की उभं राहायचं, मान खाली घालायची, दोन मिनिटं थांबायचं आणि माइकवाला बसा म्हणाला की बसायचं. पुढच्या रांगेतले पालक उभे राहिले, सर उभे राहिले, चहावाला उभा राहिला. वादकांच्या हातातले गज वर राहिले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग त्या करड्या केसांच्या बाईने मान हलवली आणि सुरुवात केली.

सुरुवात एकट्या चेलोची होती. अगदी खालचा सूर, लांब, न बदलणारा. ते वाद्य मी पूर्वी कॅसेटवर ऐकलं असेल, पण कॅसेटमध्ये न येणारी एक गोष्ट असते. ते ऐकू यायच्या आधी पायाला लागतं. लोखंडी पायातून चौथऱ्यात आणि चौथऱ्यातून माझ्या चपलांत ती थरथर आली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं, मग काच बारीक वाजायला लागली. ग्लासाच्या पलीकडे स्टीलचा पेनस्टँड होता, त्याला लागून वाजत होती.

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं. भाचीचा हात दाराच्या हँडलवर होता.

मला आता दोन मिनिटं मोजून बसा म्हणायचं होतं. माइक माझ्याकडे होता आणि सगळ्या माना माझ्याच शब्दासाठी खाली होत्या. पण मी त्या हाताकडे बघत होते. ओढलं की संपलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सोमवारी सरांना काय सांगायचं, खालच्या बॅचची वेळ कोणती, अशा गोष्टी मनात आल्या. बहीण आठवली असं मी म्हणणार नाही. ग्लास फार वाजायला लागला म्हणून मी त्यावर हात ठेवला. वाजणं थांबलं. थरथर मात्र तळव्यात लागत राहिली, आणि मी हात काढला नाही.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. संथ भाग लांब होता. चेलोवर व्हिओला आली, मग व्हायोलिन. कुणीही वर बघत नव्हतं. मागच्या कुठल्यातरी रांगेत एक मुलगा या पायावरून त्या पायावर झाला. सरांनी एकदा मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे बसा म्हणा. मी म्हटलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. हात ग्लासावर होता आणि तोंडातून शब्द निघत नव्हता, एवढंच. सगळा हॉल उभा होता, भाचीही उभी होती, आणि दार मिटलेलं होतं.

तो भाग संपला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, श्रद्धांजलीला टाळ्या नसतात. त्या शांततेत मी बसा म्हटलं. सगळे बसले. एकटी भाची बसली नाही.

ती दाराला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात समोर बांधलेले. हँडल तिच्या कोपरापाशी होतं आणि तिचा हात त्यावर नव्हता. सरांनी मागे वळून तिला बसायची खूण केली. ती हलली नाही. ते उठायला लागले, तेव्हा मी चौथऱ्यावरूनच त्यांना नको अशी मान हलवली. तिसरा भाग जलद होता, चौथा त्याहून जलद. मध्यंतर नव्हतं. दुसरी रचना झाली. कार्यक्रम संपेपर्यंत ती मिटलेल्या दाराशी तशीच उभी होती, आणि आत होती.

शेवटी शाल, श्रीफळ आणि हार झाले. नारळ कुठे ठेवायचा हे न कळून व्हिओलावाल्याने तो वाद्याच्या पेटीत ठेवला. चेलोवाली बाई माझ्याजवळ आली. आपल्या वाजवण्याच्या इतक्या वर्षांत लोक शेवटी उभे राहिले आहेत, पण संथ भाग कुणी उभं राहून ऐकला नाही, असं ती म्हणाली. ही तुमची पद्धत आहे का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. तिचे डोळे भरले. तिने माझे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली, अगदी आवाज न करता. आमच्याकडे भेटायला येणारीच आधी रडते, तेव्हा त्यात मला वावगं काही दिसलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि टेबलावरचा ग्लास तिला प्यायला दिला.

भाची आणि मी चालतच निघालो. ती सायकल हातात धरून होती. गोलाईच्या बाजाराअलीकडे भाजीवाल्या बसतात तिथे ती म्हणाली, “तू गिलास धरला होतास.”

मी म्हटलं, काच होती, पडली असती.

“आई बी धरायची.” तिने इतक्या वर्षांत आईबद्दल आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य असावं. “तिकडं खालून आवाज यायचे तवा. फळीवरची भांडी वाजायला लागली की हात आडवा धरायची आन् म्हणायची, काय न्हाई, मालगाडी चाललीय, जाऊ दे. मला वाटायचं आमच्या गावात खरंच मालगाडी हाय.”

त्या गावाच्या जवळपास रेल्वे नव्हती. मी सायकलच्या हँडलकडे बघत चालले होते.

“मग आज हँडल धरलं होतंस, ते ओढलं का नाहीस?” मी विचारलं.

“ओढणारच होते. तर तुझा हात दिसला.” तिने सायकल खड्ड्याच्या कडेने काढली. “मग म्हटलं, या बारीला खरंच मालगाडी हाय की. ती बाई वाजवायलीय, दिसतंय समोर.”

मी तिला मेथी घ्यायची आठवण केली. तिने जुडी निवडली, हलवून पाणी झटकलं आणि सायकलच्या टोपलीत टाकली. घरी येऊन स्वयंपाक केला. नवऱ्याने विचारलं की इमारत उभी आहे ना. आम्ही दोघींनी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी मी सरांकडे गेले. म्हटलं, ती आत राहील, दार लावून. फक्त बसणार नाही, उभी राहील.

“रोज?”

“रोज.”

ते खरोखर अडचणीत पडले. “मॅडम, आमच्याकडं उभं करणं म्हणजे सजा असतीय. उशिरा आला त्याला आम्ही उभं करतो. पोरीला वर्षभर उभं केलं म्हणून उद्या पालक बोंबलत येतील.”

“तिची पालक मीच आहे.”

ते हसले. मग चौथऱ्याला पडलेल्या त्या भोकाची गोष्ट काढली, परदेशी पाहुणे होते म्हणून बोललो नाही म्हणाले. मी म्हटलं, सुतार मी पाठवते, भोक बुजवेल आणि दाराशेजारी छातीच्या उंचीला एक फळीही ठोकेल. वही ठेवायला. त्यांनी ते मान्य केलं, कारण त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

बारावीचं उरलेलं वर्ष ती त्या फळीशी उभी राहून शिकली. सुरुवातीला मुलं वळून बघत, नंतर कुणाला वेळ नव्हता. परीक्षेआधीच्या दिवसांत दुपारच्या तासाला झोप येणारी पोरं आपणहून तिच्या शेजारी येऊन उभी राहू लागली, तेव्हा सरांनी फळी लांब करून घेतली. एमबीबीएसला तिचा नंबर लागला नाही, थोडं कमी पडलं. तिने फिजिओथेरपी घेतली. आता ती नांदेडला एका दवाखान्यात आहे. दिवसभर उभं राहायचं काम, तिला ते सोयीचं पडतं. खोलीचं दार ती लावते की उघडं ठेवते, मी विचारलेलं नाही.

तिचं घर रुळांपासून जवळ आहे. संध्याकाळी फोन करते तेव्हा काय शिजवलं, पाणी आलं का, एवढंच बोलणं असतं. मध्येच मालगाडी आली की काही ऐकू येत नाही. आम्ही दोघी गप्प होतो. फोन कानाला धरून गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबतो, आणि मग राहिलेलं बोलतो.